जात, ज़ात आणि फूफीचा प्रश्न

आमची फूफी ऐंशीच्या पुढे आहे. लहानपणी ती मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. त्यामुळे मोमिनपुऱ्यातल्या तिच्या बरोबरीच्या बायका उर्दू वाचतात, पण ही चष्मा लावून मराठी पेपर वाचते, पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एक दिवस तिने मला हाक मारली आणि एका बातमीवर बोट ठेवलं. मारामारीच्या प्रकरणातल्या आरोपीची न्यायालयाने पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर सुटका केली होती.

‘‘क्यों रे,’’ ती म्हणाली, ‘‘कोर्टवाले छोड़ते वक़्त भी जात देखते क्या?’’

मी हसलो. म्हणालो, ‘‘नाही फूफी, ही ती जात नाही.’’

‘‘तो फिर कौन सी जात है?’’

तिचा प्रश्न साधा होता, पण त्या दिवसांत आमच्या घरात जात या शब्दावर कोणी हसत नव्हतं. माझ्या पुतणीला बारावीनंतरच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचं प्रमाणपत्र हवं होतं. कागद जुळत नव्हते, तारीख जवळ येत होती आणि भावाच्या घरात रोज त्यावरून कुरबुर चालली होती. फूफीला मी तेव्हा घाईत उत्तर दिलं. नंतर वाटलं, तिचा प्रश्न नीट सोडवायला हवा. हा लेख म्हणजे तिला दिलेलं लांबलेलं उत्तर आहे.

आधी कोर्टाचं पाहू. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जबाबदारीवर लिहून दिलेला बंधपत्राचा कागद. यातला ‘मुचलका’ तुर्कीतून फारसीत आणि फारसीतून आपल्याकडे आला. ‘जात’ हा शब्द मुळात अरबी ‘ज़ात’. त्याचा अर्थ स्वतः, व्यक्ती, अस्तित्व. म्हणजे जातमुचलका हा ‘स्वतःचा’ मुचलका. हा अर्थ आता इतका विसरला गेला आहे की पेपरवाले ‘वैयक्तिक जातमुचलका’ असं लिहितात. एकच गोष्ट दोनदा सांगतात आणि ते कोणाला खटकत नाही.

हीच अरबी ज़ात मराठीत आणखी एका ठिकाणी रोज भेटते. ‘जिल्हाधिकारी जातीने हजर होते’, ‘मंत्र्यांनी या प्रकरणात जातीने लक्ष घातलं’. इथे जातीने म्हणजे स्वतः, समक्ष. जुन्या मराठी लिखाणात याच अर्थाने ‘जातीनिशी’ येतो. आता दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा: ‘तो जातीने आला’ आणि ‘तो जातीने कुणबी आहे’. अक्षरं तीच, काना-मात्रा तीच. पहिल्या वाक्यात अरबस्तानातून निघालेला शब्द आहे, दुसऱ्यात संस्कृतातला. आपल्या लिपीत या दोघांत फरक दाखवण्याची सोय नाही. मराठी लिहिताना आपण नुक्ता देत नाही, त्यामुळे दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द एकाच पोशाखात फिरतात.

एकदा शोधायला लागलो तेव्हा कळलं की मराठीत ‘जात’च्या आसपास दोनच नाहीत, आणखीही शब्द आहेत. ‘मी बाजारात जात आहे’ यातला जात संस्कृतातल्या ‘या’ धातूपासून, ‘याति’पासून आलेला. प्राकृतात सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ झाला आणि आपण ‘जायला’ लागलो. त्याच नियमाने ‘यंत्र’चं ‘जातं’ झालं. आपल्या आज्यांनी ज्याच्यावर दळण दळलं ते जातं. शिवाय मसाल्याच्या दुकानांच्या उर्दू पाट्यांवर ‘मसालाजात’ असा शब्द असतो. तिथे ‘जात’ हा नुसता अनेकवचनाचा प्रत्यय आहे, मसालाजात म्हणजे सगळे मसाले. ‘जी जात नाही ती जात’ ही म्हण आपण सगळे ऐकत आलो आहोत. त्यात ‘या’ धातूची जात आणि ‘जन्’ धातूची जात समोरासमोर उभ्या आहेत.

या ‘जन्’ धातूकडे जरा थांबू, कारण आपलं सगळं दुखणं तिथलं आहे. जन् म्हणजे जन्मणं. त्यापासून ‘जात’, म्हणजे जन्मलेला, आणि ‘जाति’, म्हणजे जन्म, प्रकार, वर्ग. संस्कृतात या शब्दाचा संसार फार मोठा आणि पुष्कळसा निरुपद्रवी होता. जाति म्हणजे जाईचं फूल. आपली ‘जाई’ त्याच शब्दातून आली. ‘जातिफल’ म्हणजे जायफळ आणि ‘जातिपत्री’ म्हणजे जायपत्री. भरताच्या नाट्यशास्त्रात रागांच्या आधीच्या स्वररचनांना जाति म्हणतात, त्या अठरा आहेत. छंदशास्त्रात मात्रांवर बांधलेल्या रचनेला जाति म्हणतात. न्यायशास्त्रात अनेक गायींमध्ये जे एक सामान्य असतं, ज्यामुळे आपण तिला गाय म्हणतो, ते गोत्व म्हणजे जाति.

या न्यायशास्त्राच्या अर्थात मला एक खूण दिसते. जाति म्हणजे अनेकांना एकत्र बांधणारी गोष्ट. ही कपिला, ही ढवळी, असं त्यात उरत नाही, सगळ्या फक्त गायी. जाति हा शब्द माणसाकडे पाहताना त्याच्या मागे उभ्या असलेल्या कळपाकडे पाहतो. त्यातूनच ‘जातिवंत घोडा’ येतो, ‘जातीसाठी माती खावी’ येते आणि शाळेच्या दाखल्यावरचा ‘जात व पोटजात’ हा रकानाही येतो.

अरबीतल्या शब्दाची चाल वेगळी आहे. ‘ज़ू’ म्हणजे अमुक असलेला, आणि त्याचं स्त्रीलिंगी रूप ‘ज़ात’. अरबीत तो ‘ज़’ नसून दाताला जीभ लावून म्हणायचा वेगळा वर्ण आहे. आपण आणि इराणी दोघेही त्याला ‘ज़’ करतो. कुरआनात हा शब्द ‘अमुक असलेली’ या जुन्या अर्थाने येतो. युनानी हकीम फुप्फुसाच्या आवरणाच्या सुजेला ‘ज़ातुल-जंब’ म्हणतात, म्हणजे बरगडीकडचं दुखणं, तेही याच अर्थाने. पुढे मुस्लिम तत्त्वज्ञ आणि धर्मशास्त्री ईश्वराविषयी वाद घालू लागले तेव्हा त्यांना एक शब्द हवा होता. ईश्वराचे गुण एका बाजूला, त्यांना ‘सिफात’ म्हटलं. आणि हे गुण ज्याचे आहेत तो स्वतः, त्याला ‘ज़ात’ म्हटलं. गुण कितीही असोत, ज़ात एकच. आजही आमच्या वस्तीतला म्हातारा माणूस आभाळाकडे बोट करून ‘वो ज़ात सब देख रही’ म्हणतो तेव्हा ज़ात म्हणजे अल्लाह.

म्हणजे एका भाषेत जाति अनेकांना एका ओळीत बसवते, आणि दुसऱ्या भाषेत ज़ात एकालाच समोर उभं करते. दोन्ही शब्द आपल्याकडे आले आणि एकमेकांत मिसळले.

खरं तर फारसीला या गोंधळाची गरज नव्हती. तिच्याकडे ‘जन्’चा सख्खा भाऊ आधीपासून होता. फारसी आणि संस्कृत एकाच आजीच्या नाती आहेत. आपल्याकडे ‘जात’ म्हणजे जन्मलेला, तिच्याकडे ‘ज़ाद’ किंवा ‘ज़ादा’. शहज़ादा म्हणजे शहाचा जन्मलेला, पीरज़ादा म्हणजे पीराचा. भांडणात तोंडात येणारी ‘ज़ादा’वाली शिवीही त्याच घरची. या अर्थाने ‘ज़ादा’ हा आपल्या ‘जात’चा रक्ताचा नातेवाईक आहे, आणि ज्याच्याशी आपण नातं जोडलं तो अरबी ‘ज़ात’ मुळात कोणी लागत नव्हता.

मोगलांच्या कारभारात ज़ात शब्द सरकारी झाला. अकबराच्या काळात बसलेल्या मनसबदारीत प्रत्येक सरदाराला दोन आकडे मिळत, एक ‘ज़ात’ आणि एक ‘सवार’. सवार म्हणजे त्याने किती घोडेस्वार ठेवायचे. ज़ात म्हणजे त्याचा स्वतःचा दर्जा आणि त्यावर ठरणारा पगार. १६६५ च्या पुरंदरच्या तहानंतर लहानग्या संभाजीराजांना पंचहजारी मनसब मिळाली, ती याच पद्धतीतली. म्हणजे सतराव्या शतकातल्या एखाद्या मराठा सरदाराला ‘तुमची ज़ात किती?’ असं विचारलं असतं तर त्याने रागावण्याऐवजी आकडा सांगितला असता. ही ज़ात जन्मावर कोरलेली नव्हती. बादशहाची मर्जी झाली की वाढे, गेली की घटे. दरबारात घराणं पाहिलं जात नव्हतं असं नाही, पण कागदावर ज़ात वाढू शकत होती. आजच्या आपल्या कागदावर तसं काही होत नाही.

नागपूरची गोष्ट इथूनच सुरू होते. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा औरंगजेबाच्या दरबारात गेला, तिथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि बादशहाने त्याला हे नाव दिलं. परत येऊन अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला, १७०२ च्या सुमारास, त्याने इथल्या बारा वाड्या जोडून नागपूर वसवलं. मराठीत त्याच्याविषयी असं लिहिता येईल: तो जातीने गोंड होता आणि जातीने दरबारात गेला. पहिली जात त्याला जन्माने मिळाली, दुसरी म्हणजे त्याने स्वतः केलेला प्रवास. त्याने धर्म बदलला, राज्य वाढवलं, शहर वसवलं. तरी तीनशे वर्षांनंतर इतिहासाची पुस्तकं आणि महालातले लोक त्याला आणि त्याच्या वंशजांना ‘गोंड राजा’च म्हणतात. हे काही अपमानाने म्हटलं जात नाही, उलट अभिमानाने म्हटलं जातं. पण कलमा पढल्याने जन्माची जात पुसली गेली नाही, ही गोष्ट या शहराच्या पायात आहे.

आमच्या समाजात याबद्दल एक ठरलेलं वाक्य आहे: ‘आमच्यात जात नसते.’ मीही लहानपणापासून शाळेत, कॉलेजात, नोकरीत हे वाक्य फेकत आलो. पुस्तकात पाहिलं तर ते खोटं नाही. सूरा हुजुरातच्या तेराव्या आयतीचा सांगावा हा की माणसांचे गट आणि टोळ्या एकमेकांची ओळख पटावी म्हणून आहेत, मोठेपण मात्र ईशभीरुतेने ठरतं. मशिदीच्या रांगेत कोणाच्या शेजारी कोण उभा आहे हे कोणी विचारत नाही. पैगंबरांनी मुक्त केलेल्या ज़ैद यांचा निकाह कुरैशी नात्यातल्या ज़ैनब यांच्याशी स्वतः जुळवून दिला होता.

पण निकाह ठरवताना आम्ही दुसरा शब्द काढतो: ‘कुफू’. म्हणजे बरोबरीचं स्थळ. हनफी फिकहच्या जुन्या ग्रंथांत या बरोबरीत वंश आणि धंदाही मोजला आहे, आणि हलक्या धंद्यांच्या यादीत विणकर आहे, कातडी कमावणारा आहे. इमाम मालिक यांनी मात्र बरोबरीत मुख्यतः दीनदारी पाहिली. हिंदुस्थानात आपल्याला दोन्ही वाटा माहीत होत्या. आपण कोणती धरली हे प्रत्येकाने आपापल्या घरातल्या लग्नांची यादी काढून बघावं.

उर्दूने हे सगळं एका अक्षरात नोंदवून ठेवलं आहे. ‘ज़ात-पात’, ‘ज़ात-बिरादरी’ हे शब्द उर्दूत ‘जीम’ने लिहीत नाहीत, ‘ज़ाल’ने लिहितात. म्हणजे संस्कृतातून आलेली जाति, तिचा सगळा अर्थ तसाच ठेवून, अरबी ज़ातच्या अक्षरांत लिहिली गेली. अरबस्तानात ज़ात म्हणजे ही जात नाही. इराणात ‘बदज़ात’ म्हणजे वाईट स्वभावाचा माणूस. आपल्याकडे ती शिवी द्यायला लागलो तेव्हा तिला कुळाचा वास आला. ज्या शब्दाने आपण अल्लाहचं एकमेवपण सांगायचो, त्याच शब्दाने शेजाऱ्याचं कूळ विचारायला लागलो. आमच्यात जात नसते असं म्हणणाऱ्या समाजाने जातीला इतकं पाक अक्षर दिलं, हे मला आजही पचत नाही.

आता घरचं सांगतो. आम्ही पिंजारी. माझे आजोबा खांद्यावर धुनकी घेऊन काटोलकडच्या गावांत फिरत. घरासमोर बसून तातीवर लाकडी ठोकळा मारत कापूस पिंजत, गाद्या आणि रजया भरून देत. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवर कापूस बसलेला असे, असं फूफी सांगते. माझ्या वडिलांना सरकारी नोकरी लागली, आम्ही नागपुरात आलो आणि आडनावात ‘शेख’ झालो. वडिलांची सक्त ताकीद होती की मोहल्ल्यात धुनकीचं नाव काढायचं नाही. तरी ते कळलंच. फूफीच्या मुलीचं एक चांगलं स्थळ साखरपुड्याच्या आधी परत गेलं. निरोप आला, ‘कुफू नहीं बैठता.’ माणसं सज्जन होती, पाच वक्ताचे नमाज़ी होती. त्या दिवशी फूफी रडली नाही. तिने घरातली जुनी धुनकी माळ्यावरून काढली आणि चुलीत घातली. हे तिने मला या पावसाळ्यात, कागदांच्या गडबडीत, पहिल्यांदा सांगितलं.

पिंजारी लोकांचं दुसरं नाव मन्सूरी. हे नाव आलं मन्सूर हल्लाज या सूफीवरून. अरबीत ‘हल्लाज’ म्हणजेच कापूस पिंजणारा. हा माणूस ‘अनल-हक’, म्हणजे मीच सत्य, असं म्हणाला आणि इ. स. ९२२ मध्ये बगदादमध्ये त्याला देहदंड झाला. माझी ज़ात आणि त्याची ज़ात यात भिंत उरली नाही, असा त्याच्या म्हणण्याचा अर्थ त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी लावला. पिंजाऱ्यांनी त्याचं नाव घेतलं यात मला आमच्या पूर्वजांची समज दिसते. विणकरांनी मदीनेच्या अन्सारांचं नाव घेतलं, न्हाव्यांनी सलमान फारसींचं, शिंप्यांनी पैगंबर इदरीस यांचं. सगळ्यांना सांगायचं होतं की आमच्या धंद्याला हलकं म्हणू नका, आमचाही कोणी मोठा आहे. पण झालं असं की अन्सारी, सलमानी, इदरीसी, मन्सूरी ही नावं पुन्हा जातींचीच नावं झाली. ज्याने ज़ातच विरघळवून टाकली, त्याच्या नावाचीही आम्ही जात केली.

इंग्रजीतला ‘कास्ट’ हा शब्द कुठून आला हेही सांगायला हवं, कारण सरकारी फॉर्मवर मराठीच्या शेजारी तोच असतो. तो पोर्तुगीज ‘कास्ता’. म्हणजे वाण, वंश, अवलाद. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले आणि इथल्या समाजाला त्यांनी हा शब्द लावला. गोव्यात राहणारा वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या पुस्तकात नोंदवलं आहे की इथे बापाचा धंदा मुलगा सोडत नाही आणि एका धंद्यातले सगळे एकाच कास्ताचे असतात. हा ओर्ता स्वतः धर्मांतर केलेल्या ज्यू कुटुंबातला होता. त्याच्या देशात जुने ख्रिस्ती आणि नवे ख्रिस्ती असा भेद होता. आजोबा ज्यू किंवा मुसलमान असेल तर नातवाच्या रक्तावर संशय घेतला जाई. ओर्ता १५६८ मध्ये वारला. त्याच्या बहिणीला पुढच्याच वर्षी गोव्यात इन्क्विझिशनने जाळलं आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. आपल्याकडची कास्ता ज्याने टिपून ठेवली, त्याचा स्वतःचा निकाल शेवटी जन्मावरच लागला. म्हणून कोणी मला म्हणतं की हा रोग फक्त हिंदूंचा, किंवा फक्त हिंदुस्थानचा, तेव्हा मला ओर्ताची हाडं आठवतात.

नागपूर पुढे मध्य प्रांताची राजधानी झालं. या प्रांतातल्या जाती-जमातींवर रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचे चार जाडजूड खंड १९१६ मध्ये निघाले. त्यात मुसलमानांच्या जातीही ओळीने येतात. रंगरेज, कुंजडे, मनिहार, आणि कापूस पिंजणारे आमचे लोक ‘बहना’ या नावाखाली. आपल्या आजोबाच्या धंद्याबद्दल साहेबाने काय लिहिलंय ते वाचताना कोणालाही अवघडल्यासारखं होईल. पण एक गोष्ट मान्य करावी लागते. ‘आमच्यात जात नसते’ हे वाक्य त्या साहेबाने मानलं नाही, आणि तो चूक नव्हता.

त्याच १९१६ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर आपला निबंध वाचला. त्यांचा मुख्य मुद्दा असा होता की आपल्याच गटात लग्न करणं हे जातीचं खरं लक्षण, बाकी सगळं त्यामागून येतं. रसेलची यादी आणि आंबेडकरांची कसोटी यात मोठा फरक आहे. यादी सांगते तुम्ही कोण आहात. कसोटी विचारते तुम्ही मुलगी कोणाला देता. पुढे पाकिस्तानवरच्या ग्रंथात त्यांनी बंगालच्या १९०१ च्या जनगणनेचा दाखला देऊन मुसलमानांतले अशराफ, अजलाफ आणि अरज़ल हे थर दाखवले. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी ते लाखो माणसांना घेऊन याच नागपुरात जातीबाहेर पडले. दीक्षाभूमी आमच्या मोहल्ल्यापासून फार लांब नाही. दरवर्षी दसऱ्याला माणसांचा लोंढा शहरात येतो तेव्हा मी मनात म्हणतो, हे लोक जातीने आले आहेत. म्हणजे स्वतः, आपल्या पायांनी.

कागदाने मात्र त्यांचाही पाठलाग सोडला नाही, आणि आमचाही. अनुसूचित जातींचा १९५० चा आदेश धर्म पाहतो. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, मुस्लिम आणि ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. इतर मागासवर्गीयांच्या यादीत तशी अट नव्हती. मंडल आयोगानंतर जालन्याचे शब्बीर अन्सारी आणि त्यांचे सहकारी महाराष्ट्रभर फिरले. दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस त्यांच्या व्यासपीठावर उभा राहिला. पिंजारी, बागवान, अत्तार, मोमिन, छप्परबंद या लोकांना त्यांनी सांगितलं की लाजू नका, आपली जात लिहा, त्यावर आपल्या मुलांचं शिक्षण आहे. तेव्हा समाजातूनच ओरड झाली की हे लोक इस्लाममध्ये जात आणतायत. जात आधीच घरात होती. त्यांनी फक्त तिचं नाव मोठ्याने घेतलं.

आमच्या पुतणीचं घोडं अडलं ते इथेच. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. माझ्या वडिलांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात लिहिलं होतं ‘मुसलमान’. गुरुजींनी विचारलं असेल, वडिलांनी किंवा आजोबांनी तेच सांगितलं असेल. एका कार्यालयातला बाबू पुतणीला म्हणाला, ‘‘तुमच्यात कुठे जात असते?’’ तिने मला घरी येऊन विचारलं, ‘‘चाचा, यावर काय बोलायचं असतं?’’ माझं आयुष्यभराचं वाक्य तो माणूस मलाच परत करत होता. मला उत्तर सुचलं नाही.

शेवटी फूफी बोलली. तिचा थोरला भाऊ, माझे मोठे अब्बा, गावच्या शाळेत दोन वर्षं गेले होते. वडिलांच्या आधीची गोष्ट, तेव्हा लपवायची अक्कल कोणाला आली नव्हती. भाऊ त्या गावी गेला. शाळेच्या मोडक्या कपाटातून रजिस्टर निघालं. मोठ्या अब्बांच्या नावापुढे बाराखडी गिरवल्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं: पिंजारी. भावाने त्या पानाचा फोटो पाठवला तेव्हा घरातल्या बायका रडल्या. जे नाव झाकण्यासाठी एक पिढी खपली, ते सापडलं म्हणून दुसरी पिढी आनंदाने रडत होती. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र झालं, तारखा झाल्या आणि प्रमाणपत्र आलं. पुतणीला प्रवेश मिळाला.

कोणी विचारेल, तुम्ही जात मोडायची म्हणता आणि जातीचा दाखला काढता, हे कसं? मला यात विसंगती वाटत नाही. दुखणं बरं करायचं तर आधी त्याचं नाव कागदावर यावं लागतं. पण दाखल्याचा कागद फाईलमध्ये राहू द्यावा. तो लग्नाच्या बैठकीत आणि दस्तरख्वानवर काढू नये. आम्ही आजवर बरोबर उलटं केलं. सरकारला सांगितलं जात नाही, आणि स्थळ पाहताना तीच आधी विचारली.

प्रमाणपत्र आलं त्या संध्याकाळी मी फूफीजवळ बसलो आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सांगितलं, दोन शब्द आहेत. एक ‘जीम’ची जात, ती आईबापांकडून मिळते आणि तिच्यावर आपलं काही चालत नाही. दुसरी ‘ज़ाल’ची ज़ात, ती म्हणजे तू स्वतः. कोर्टाने त्या आरोपीला दुसऱ्या ज़ातवर सोडलं. तो कोणाचा कोण हे विचारलं नाही, फक्त त्याचा स्वतःचा शब्द घेतला.

फूफी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘अच्छा है. छोकरीको बोल, कॉलेजमें वोइच वाली लिखना.’’

मी म्हणालो, ‘‘फॉर्मवर तिच्यासाठी रकाना नाही, फूफी.’’

‘‘तो रहने दे,’’ ती म्हणाली आणि पेपर उघडून निधनवार्ता वाचू लागली.